तोतया गिऱ्हाईक

इंग्रजीत ज्याला 'मिस्टरी शॉपर' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला पडला तेव्हा ते काम सुरू करून मला सहा महिने झाले होते. 'गुप्त ग्राहक' असा प्रतिशब्द क्वचित वाचायला मिळतो. तो चुकीचा नाही. पण त्याच्यावर गुप्तहेर आणि गुप्तधन या दोहोंची छाया पडते आणि प्रत्यक्ष कामात या दोहोंपैकी काहीच नसते. 'बहुरूपी' म्हणावे तर बहुरूपी आपले सोंग लपवीत नाही. सोंग ओळखले गेले तरच त्याला बिदागी मिळते. शेवटी मी माझ्यापुरता 'तोतया गिऱ्हाईक' हा शब्द पक्का केला.

तोतया म्हटले की मराठी वाचकाला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. भाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. पुढे त्यांच्या नावाने एक माणूस उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, आणि अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. वर्गात हा विषय निघाला की विद्यार्थी हमखास विचारतात, 'इतकी माणसं फसली कशी?' मी उत्तर देत असे, की लोकांना भाऊ जिवंत हवे होते. पार्वतीबाईंनी तर पतीचे निधन कधीच मानले नाही. तोतया चतुर होता म्हणून लोक फसले हे अर्धेच खरे. त्यांच्या मनात भाऊंची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर कोणीतरी येऊन बसले, हे उरलेले अर्धे. हे उत्तर मी कित्येक वर्षे दिले. ते स्वतःला लावून पाहण्याची वेळ मात्र उशिरा आली.

'गिऱ्हाईक' या शब्दालाही मराठीत दोन बाजू आहेत. गिऱ्हाईक म्हणजे ग्राहक. आणि एखाद्याला 'गिऱ्हाईक करणे' म्हणजे त्याला बनवणे, त्याची फजिती करणे. मी पहिल्या अर्थाचे गिऱ्हाईक व्हायला निघाले आणि आधी दुसऱ्या अर्थाने झाले.

काम काय असते ते आधी सांगायला हवे. एखाद्या कंपनीची शहरोशहरी दुकाने असतात, बँकेच्या शाखा असतात, पेट्रोल पंप असतात, उपाहारगृहे असतात. मुख्य कार्यालयात बसलेल्यांना आपल्या काउंटरवर गिऱ्हाइकाशी कसे वागले जाते हे कळत नाही, कारण साहेब गेला की काउंटर सावध होतो. म्हणून ती कंपनी दुसऱ्या एका संस्थेला काम देते, आणि ती संस्था तुमच्याआमच्यासारख्या माणसांना साधे गिऱ्हाईक म्हणून पाठवते. आपण जायचे, ठरवून दिलेली चौकशी किंवा खरेदी करायची, बाहेर यायचे आणि अहवाल लिहायचा. ही पद्धत अमेरिकेत १९४० च्या दशकात रूढ झाली. त्या काळी तिचा मुख्य हेतू नोकर गल्ल्यातले पैसे खिशात घालतो की काय हे पाहण्याचा होता; सेवेचा दर्जा तपासण्याचा हेतू पुढे प्रबळ झाला.

मी या वाटेला लागले ते उन्हाळ्यामुळे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना उन्हाळा म्हणजे काय ते या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांना सांगण्याची गरज नाही. परीक्षा संपल्या की तास संपतात, तास संपले की मानधन संपते, आणि मागच्या सत्राचे मानधन बहुधा अजून यायचे असते. २०२३ च्या मे महिन्यात माझ्या फोनवर एक संदेश आला. नामांकित हॉटेलांना आणि दुकानांना 'गुप्त ग्राहक' हवे आहेत; घरबसल्या मूल्यांकन करा; दररोज हजार ते तीन हजार रुपये मिळवा. मी अशा कामाविषयी एका मासिकात वाचले होते. ते खरोखर अस्तित्वात असते हे मला माहीत होते, आणि या अर्ध्या माहितीनेच माझा घात केला. अजिबात माहिती नसती तर मी तो संदेश पुसून टाकला असता.

पुढचे सारे नेमक्या क्रमाने घडले. मला टेलिग्रामवरच्या एका गटात घेतले गेले. हॉटेलांच्या तीन पानांवर पाच-पाच तारे द्यायचे, आणि त्याचे चित्र पाठवायचे. दर चित्राला पन्नास रुपये. त्याच संध्याकाळी माझ्या खात्यात १५० रुपये जमा झाले. दुसऱ्या दिवशी 'प्रीपेड टास्क' निघाले: १,००० रुपये भरा, १,३०० परत घ्या. भरले, मिळाले. मग ३,००० भरले. या वेळी पैसे परत आले नाहीत. एका संकेतस्थळावर माझ्या नावापुढे ३,९०० हा आकडा दिसू लागला. काम 'संयुक्त' आहे, पुढचा टप्पा पूर्ण केल्याशिवाय रक्कम काढता येणार नाही, असे सांगण्यात आले. पुढचा टप्पा ८,००० चा होता. त्याच्या पुढचा १५,००० चा. मग रक्कम काढण्यासाठी 'कर' म्हणून १२,००० मागितले गेले आणि तेथे मी थांबले. शहाणपणाने नव्हे, खात्यात तेवढे उरले नव्हते. मिळालेले ४५० वजा करता माझे २५,५५० रुपये गेले. यातल्या मधल्या टप्प्यात मी आईच्या औषधांसाठी वेगळे ठेवलेले पैसे वापरले होते, हेही येथे लिहून टाकते, कारण ते मी बराच काळ कोणालाच सांगितले नव्हते.

मला सर्वांत जास्त लाज वाटली ती एका वेगळ्याच गोष्टीची. ते संदेश मी नंतर पुन्हा काढून वाचले. 'प्रिय सदस्य, आपले कार्य आपली प्रतीक्षा करीत आहे.' 'कृपया आपला पेमेंट अभिमानाने पूर्ण करा.' विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत असे वाक्य आले असते तर मी लाल शाईने अधोरेखित केले असते. गटात चाळीसेक जण होते आणि सगळे कृतज्ञ होते. कोणी शंका काढीत नव्हते, कोणी कुरकुर करीत नव्हते, कोणाचाही दिवस वाईट जात नव्हता. पोवाड्यात शाहिराच्या मागे झील धरणारे असतात तसे ते सूर धरून होते: 'मिळाले सर', 'धन्यवाद मॅडम', 'आज माझे अठरा हजार आले'. चाळीस माणसे आणि एकाच माणसाची शैली! संहिता वाचणे हा जिचा धंदा तिला ही संहिता वाचता आली नाही. कारण उघड आहे. मी ती वाचत नव्हतेच. मी तिच्यात माझे उरलेले मानधन शोधत होते. पार्वतीबाईंविषयी मी जे वर्गात सांगत असे ते हेच.

तक्रार करायला मी चार दिवस लावले. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक तेव्हाही होता आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलही होते. पण फोन करायचा म्हणजे एका अनोळखी माणसाला आपण एम.ए. आहोत, प्राध्यापिका आहोत आणि फसलो आहोत हे ओळीने सांगायचे. चार दिवसांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात निघून गेले होते. पहिल्या एकदोन तासांत कळवले तर वाटेतल्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता बरीच असते, असे मला त्या वेळी शांतपणे सांगण्यात आले. म्हणजे फसवणाऱ्याने जेवढे नेले त्यात माझ्या संकोचाचाही हात होता. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय गृह मंत्रालयाने असल्या 'टास्क'च्या नावाने चालणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले. निवृत्त कर्मचारी, स्त्रिया आणि बेरोजगार तरुण हे त्यांचे लक्ष्य होते असे त्या निवेदनात होते. यांपैकी मी कोणत्या रकान्यात बसते याचा मी काही वेळ विचार केला. स्त्री तर होतेच. आणि दरवर्षी मे-जूनपुरती बेरोजगारही होते.

खऱ्या कामाकडे मला नेले ते माझ्या भाचीने. ती पुण्यात एका किरकोळ विक्रीच्या कंपनीत नोकरी करते. माझी हकिकत ऐकून ती म्हणाली, "मावशी, आमच्या दुकानांत अशी माणसं खरंच येतात गं. पण ती घरी बसून तारे देत नाहीत, आणि काम मिळावं म्हणून कुणाला पैसे भरत नाहीत." या एका वाक्यात निम्मे शास्त्र आले. तोतया गिऱ्हाइकाचे काम मुळात पायांनी करायचे असते. जेथे जायचे नाही, पाहायचे नाही, ज्यात कोणाशी बोलायचे नाही, ते मूल्यांकन कशाचे?

सुरुवात कशी केली ते क्रमाने सांगते, कारण वाचकांपैकी कोणाला हे काम करावेसे वाटेल. या व्यवसायातल्या कंपन्यांची 'एमएसपीए' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे आणि तिचा आशिया-पॅसिफिक विभागही आहे. सभासद कंपन्यांची नावे संघटनेच्या संकेतस्थळावर असतात. तेथून कंपनीचे नाव घ्यावे आणि तिचा पत्ता स्वतः टंकून तिच्या पानावर जावे. कोणी पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवून जाऊ नये, कारण तोतयाला दुसऱ्याचे नाव वापरण्यात कोणतीच अडचण नसते. या कामासाठी निराळा ई-मेल पत्ता ठेवावा. नोंदणीला पैसे पडत नाहीत. प्रशिक्षणाच्या, प्रमाणपत्राच्या किंवा 'निश्चित कामा'च्या नावाने कोणी अनामत मागितली तर तेथेच थांबावे. मानधन द्यायचे म्हणून पॅन आणि बँक खात्याचा क्रमांक मागितला जातो, तो योग्य आहे. ओटीपी किंवा पिन कोणत्याही कारणाने द्यावा लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी असतो, पैसे घेण्यासाठी तो लागतच नाही. नोंदणीनंतर गोपनीयतेचा करार असतो. तुम्ही नोकर नाही, दर कामागणिक मानधन घेणारे स्वतंत्र व्यक्ती आहात, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. खरी कंपनी मासिक उत्पन्नाचे आश्वासन देत नाही. माझ्या पहिल्या भेटीचे मानधन ३०० रुपये होते आणि ते सत्तेचाळिसाव्या दिवशी जमा झाले. खऱ्या कामाचा कंटाळवाणेपणा हीच त्याची मोठी खूण आहे.

मात्र भाचीच्या वाक्यात एक दुरुस्ती मला पुढे करावी लागली. 'आधी पैसे देऊ नका' एवढा नियम पुरत नाही, कारण खऱ्या कामातही पुष्कळदा आधी आपलाच खिसा रिकामा होतो. उपाहारगृहात जाऊन कॉफी प्यायची असेल तर ती आपल्या पैशांनी प्यावी लागते. बिल अहवालाला जोडले की ठरलेल्या मर्यादेपर्यंतची रक्कम मागाहून मिळते. फसवणारा नेमका याच फटीतून आत येतो. 'आधी तुम्ही खर्च करा, मग आम्ही भरपाई देऊ' हे वाक्य दोघेही बोलतात. भेद एवढाच, की खऱ्या कामात पैसे दुकानाला जातात, त्यांच्या बदल्यात वस्तू आणि छापील बिल हाती येते, आणि खर्चाची मर्यादा कामाच्या सूचनेतच लिहिलेली असते. काम देणाऱ्याच्या किंवा त्याने सांगितलेल्या कोणा तिसऱ्याच्या खात्यात एक रुपयाही जात नाही. म्हणून पैसे आधी कोण देतो यापेक्षा ते कोणाच्या खात्यात जातात हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो.

अमेरिकेत याच फसवणुकीचे रूप निराळे आहे. तेथे टपालाने मोठ्या रकमेचा धनादेश येतो. तो खात्यात भरा, आपले मानधन ठेवून घ्या, उरलेल्या रकमेची अमुक दुकानातून भेटकार्डे घ्या, कार्डांवरचे क्रमांक आम्हांला कळवा आणि दुकानातल्या सेवेचा अहवाल लिहा, असे सांगितले जाते. धनादेश पुरता वटण्याआधीच बँकेला रक्कम वापरायला द्यावी लागते, अशी तेथील व्यवस्था आहे. तो खोटा असल्याचे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी उघड होते आणि सगळी रक्कम बँक खातेदाराकडून वसूल करते. तेथील 'फेडरल ट्रेड कमिशन' वर्षानुवर्षे याविषयी सावध करीत आले आहे. आपल्याकडे धनादेशाची जागा यूपीआयने घेतली आहे. पण आधी हातावर थोडे ठेवायचे आणि मग हात धरायचा ही रीत दोन्हीकडे सारखी.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पहिल्या भेटीच्या सूचनेत माझी भूमिका लिहिलेली होती: 'आपण चाळिशीतील स्त्री आहात आणि पतीसाठी कार्यालयात घालायचे बूट पाहत आहात.' मला माझीच भूमिका मिळाली होती आणि तरीही दाराशी पाय अडखळले. आत शिरल्यापासून किती वेळात कोणी विचारपूस केली, पायाचे माप विचारले का, दोनपेक्षा अधिक जोड दाखवले का, मोजे किंवा पॉलिश सुचवले का, बिल न मागता दिले का, हे सारे लक्षात ठेवायचे होते आणि लिहून घ्यायची सोय नव्हती. एक युक्ती मी तेथेच शिकले. फोनवर स्वतःलाच एक अक्षर पाठवायचे. त्याच्यापुढे वेळ आपोआप नोंदली जाते आणि पाहणाऱ्याला वाटते, बाई घरी काहीतरी विचारते आहे. बाहेर येताच रिक्षात बसून आठवेल ते सारे टिपायचे. अहवाल चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो, पण तासाभरात लिहिला तर आठवणी खऱ्या राहतात. रात्री लिहिला तर आपण गोष्ट रचू लागतो.

माझा पहिला अहवाल परत आला. विक्रेत्याचे वागणे 'उदासीन' होते अशा अर्थाचे विशेषण मी वापरले होते. तपासणाऱ्याने विचारले होते: त्याने काय केले? काय म्हटले? किती वेळ? मी पुन्हा लिहिले. विक्रेता फोनवर बोलत होता. १ मिनिट ४० सेकंदांनी त्याने फोन ठेवला आणि 'बोला' म्हणाला. हे दुसरे वाक्य अधिक खरे होते आणि त्या माणसावर अन्यायही कमी करीत होते. वर्गात मी वर्षानुवर्षे आस्वादाची विशेषणे शिकवीत आले. येथे विशेषण म्हणजे पुरावा न देता केलेला निवाडा ठरतो. मला म्हाइंभट आठवले. लीळाचरित्रासाठी ते आठवणी सांगणाऱ्यांकडे हिंडले, आणि कोणती आठवण कोणाची, कोणाच्या सांगण्यात कोठे फरक पडतो, हेही नोंदवून ठेवले. तेराव्या शतकातल्या त्या माणसाची श्रद्धा काठोकाठ भरलेली होती, पण आपल्या श्रद्धेने साक्ष बदलू नये एवढी काळजी त्याने घेतली. तीनशे रुपयांच्या अहवालासाठी ही तुलना मोठी आहे याची मला कल्पना आहे. पण शिस्त तीच आहे.

अहवालाच्या नमुन्यात काय विचारलेले नसते हेही हळूहळू दिसू लागले. दुकानात संपूर्ण दिवस उभ्या असलेल्या मुलीला बसायला स्टूल आहे का, असा रकाना मला आजवर आढळला नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देण्याची तरतूद कायद्यात केली. म्हणजे कोणीतरी, कोठेतरी, हा प्रश्न विचारला होता. आमच्या नमुन्यात मात्र 'कर्मचाऱ्याने स्मितहास्याने स्वागत केले का?' असा रकाना असतो. उत्तर दोनच प्रकारचे: होय किंवा नाही.

चौथ्या महिन्यात मी घरगुती उपकरणांच्या एका दुकानात मिक्सर पाहायला गेले. गल्ल्याशेजारी उभी असलेली मुलगी पुढे आली आणि थबकली. "मॅडम! ओळखलंत का?" ती बी.ए.ला माझ्या वर्गात होती; तिचे अक्षर फार सुंदर होते. नियम स्पष्ट असतो: कर्मचारी ओळखीचा निघाला तर भेट तेथेच संपवायची आणि संस्थेला कळवायचे. पण ओळख निघाल्यावर लगेच पाठ फिरवणे मला जमले नाही. दुकानात गर्दी नव्हती. मी तिची चौकशी केली. लग्न झाले, मुलगा दोन वर्षांचा आहे, पगार बरा आहे, वर महिन्याचा इन्सेंटिव्ह असतो.

"पण या महिन्यात नाही मिळाला," ती म्हणाली. "मॅडम, आमच्याकडे खोटं गिऱ्हाईक पाठवतात. कोण ते कळत नाही. त्यांनी लिहिलं की मी हसले नाही."

"तुला आठवतो का तो दिवस?" मी विचारले.

"तारीख सांगितली त्यांनी. त्या दिवशी पोराला ताप होता. सासूबाईंचे फोनवर फोन येत होते. बाकी सगळं नीट केलं होतं मी, तेही लिहिलं होतं त्यांनी. फक्त हसले नाही." मग ती थोडे हसली. "आता महिनाअखेर आली की प्रत्येकीकडे बघून वाटतं, हीच असेल."

मी मिक्सरची किंमत विचारली नाही. मी कोण म्हणून आले होते हेही सांगितले नाही. करारात तसे लिहून दिलेले होते, आणि करार नसता तरी सांगवले असते का, कोण जाणे. "येते गं," एवढे म्हणून निघाले. रिक्षातून संस्थेला कळवले की कर्मचारी माझी विद्यार्थिनी आहे, हे काम दुसऱ्याला द्यावे. त्यांनी आभार मानले आणि भेट रद्द केली. तिच्याविषयीचा तो अहवाल मी लिहिलेला नव्हता, त्या दुकानात मी प्रथमच गेले होते. पण दोन महिन्यांपूर्वी एका वेगळ्या दुकानात, एका वेगळ्या मुलीपुढे मी 'नाही'वर खूण केली होती. ती हसली नव्हती हे खरेच होते. माझा अहवाल अचूक होता. तिच्या घरी त्या दिवशी काय होते हे मला ठाऊक नव्हते, आणि त्या 'नाही'चे पुढे काय झाले हे मला कधीच कळणार नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याच्या वेषातला हेर आहे. त्याला 'वैदेहक' म्हटले आहे. अमात्यांची सचोटी पारखण्यासाठी धर्म, अर्थ, काम आणि भय यांची आमिषे दाखवून घ्यायच्या छुप्या परीक्षाही आहेत. त्यांना 'उपधा' म्हणतात. हा सारा कारभार कठोर आहे. तरी त्याच प्रकरणात कौटिल्य थांबतो आणि पूर्वाचार्यांशी मतभेद नोंदवतो. परीक्षा घेण्याच्या भरात चांगला माणूसच बिघडू नये, कारण एकदा बिघडलेले मन पूर्ववत होईलच असे नाही, अशा आशयाची सूचना तो देतो. महिनाअखेर आली की समोरच्या प्रत्येक बाईकडे संशयाने पाहणारी माझी विद्यार्थिनी मला त्या सूचनेची आठवण करून देते. तोतयाचा पहिला परिणाम हा असतो, की खऱ्यावरचाही विश्वास उडतो. ज्यांनी मला लुबाडले त्यांनी माझे तेच केले होते. आणि मी त्याच दुखण्याचा एक सौम्य डोस घेऊन दुकानोदुकानी हिंडत होते.

मी काम सोडले नाही. महिन्याकाठी दोन-तीन भेटी अजून करते; उन्हाळ्यात त्यांचा आधार वाटतो. मात्र अहवालाच्या शेवटी मोकळ्या मजकुरासाठी जी जागा असते ती मी आता रिकामी सोडीत नाही. 'काउंटरवर एकटी कर्मचारी होती आणि सहा गिऱ्हाइके थांबली होती.' 'मी तेथे होते त्या पाऊण तासात कर्मचाऱ्याला बसलेले पाहिले नाही.' दया म्हणून नव्हे; जे दिसले ते लिहायचे हाच तर करार आहे. वाचणारा ते वाचतो की नाही, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये इतिहासाचे एक सहकारी माझ्याजवळ येऊन बसले. तेही तासिका तत्त्वावरच आहेत. त्यांनी फोन पुढे केला. "मॅडम, तुम्ही असलं काहीतरी करता ना? हे खरं असेल का हो?" पडद्यावर तीच मराठी होती. प्रिय सदस्य, आपले कार्य. मी त्यांना कामाची पद्धत सांगू शकले असते, नियम सांगू शकले असते. त्याऐवजी मी म्हटले, "सर, माझे दोन वर्षांपूर्वी पंचवीस हजार पाचशे पन्नास गेले." कॉलेजात हा आकडा मी प्रथमच उच्चारला. बाजूच्या टेबलावरचे बोलणे थांबले. सर काही क्षण फोनकडे पाहत राहिले आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझे नऊ गेलेत. आज सकाळी."

दुपारचे साडेबारा वाजत आले होते. मी त्यांना विचारले, पैसे कोणाच्या खात्यात गेले? त्यांनी पावती उघडली. कोणा अनोळखी माणसाचे नाव होते. आम्ही तेथेच बसून १९३० लावला. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला. तिसऱ्या तासाची घंटा झाली तेव्हा सर व्यवहाराचा क्रमांक वाचून दाखवीत होते, एकेक आकडा, सावकाश. त्यांच्या वर्गावर त्या दिवशी मी गेले.